चिकणमातीतल्या हायड्रेंजिया : नेपरविलच्या पुढच्या अंगणाच्या नोंदी

जागा: नेपरविल, शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर. घराचं तोंड पश्चिमेला. भिंतीलगतची पट्टी २८ फूट लांब, ७ फूट रुंद. तिथे यूची (बारीक पानांची, सदाहरित) जुनी झुडपं होती, निम्मी वाळलेली आणि निम्मी खिडकीवर चढलेली. लँडस्केपरने सगळं काढून नवं लावायचे ४,२०० डॉलर सांगितले, तेव्हा यू काढून हायड्रेंजिया, म्हणजे मोठ्या गुच्छांच्या फुलांची झुडपं, घरीच लावायची ठरलं. मंडळातल्या बऱ्याच जणींना हेच करायचंय, म्हणून काम चालू असतानाच लिहीत गेले. खर्च खरे आहेत, टॅक्स धरलेला नाही.

६ एप्रिल २०२४

यू काढल्या. झुडूप कापणं सोपं, बुंधा काढणं नाही. नवऱ्याने करवतीने मुळं तोडली, मी पहारीने उचकटत होते. दोन बुंधे संध्याकाळपर्यंत हलले नाहीत, ते उद्यावर ढकलले.

आधीच्या मालकांनी एका कोपऱ्यात गोल गेंदांची निळी-गुलाबी हायड्रेंजिया लावली होती. दरवर्षी पानं भरघोस, फूल एखादंच. त्या जातीच्या बहुतेक झाडांचे फुलांचे डोळे आदल्या हंगामाच्या काडीवर तयार होतात आणि इथली जानेवारीची थंडी ते मारून टाकते. आता लावायची ती पॅनिकल हायड्रेंजिया, शंकूसारख्या तुऱ्यांची; तिचं तसं नाही. ती त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळे हिवाळ्यात शेंडे गेले तरी फुलं जात नाहीत. झोन ३ पर्यंतची थंडी सोसते, आपण झोन ५-६ च्या काठावर आहोत (झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले विभाग, आकडा लहान तितकी थंडी जास्त). शिवाय इथली माती अल्कधर्मी, म्हणजे निळ्या फुलांसाठी दरवर्षी मातीत काहीबाही घालत बसावं लागतं. पॅनिकलच्या रंगाचा मातीच्या पीएचशी संबंध नाही. फूल हिरवट किंवा पांढरं उमलतं आणि रात्री गार व्हायला लागल्या की गुलाबी होतं.

ऊन मोजलं. बसून नाही, दर तासाला खिडकीतून फोटो काढून. पट्टीच्या बहुतेक भागाला दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन. उत्तरेच्या टोकाला शेजाऱ्यांच्या मेपलची सावली लवकर येते. मेपलला अजून पानं नाहीत, त्यामुळे हे मोजमाप तिथे अर्धवटच आहे.

१० एप्रिल

दोन कागदी कामं. एक, एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) समितीला फॉर्म. त्यांना झाडांची नावं, पूर्ण वाढीनंतरची उंची आणि साधा नकाशा लागतो. नकाशा मुलाच्या चौकटीच्या वहीत काढला, चालला.

दुसरं, ८११ ला फोन, जमिनीखालच्या लाइनी कुठे आहेत ते दाखवून घ्यायला. खणण्याआधी हा फोन इथे कायद्याने करावाच लागतो आणि तो फुकट आहे. काही दिवसांत माणसं येऊन जमिनीवर रंग मारतात, झेंड्या लावतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. आमची पिवळी रेघ दाराजवळ बरोबर जिथे उंच खोडाचं झाड लावायचं होतं तिथूनच गेली. झाड चार फूट सरकवलं, नकाशा पुन्हा काढला.

एक गोष्ट लक्षात ठेवा: ते फक्त कंपन्यांच्या मालकीच्या लाइनी दाखवतात. तुम्ही स्वतः, किंवा आधीच्या मालकाने, पुरलेली दिव्यांची वायर आणि स्प्रिंकलरचा पाइप त्यात येत नाहीत. आमची पायवाटेच्या दिव्यांची वायर पहिल्याच दिवशी फावड्याने तुटली. कमी व्होल्टेजची होती म्हणून निभावलं. जोडायचं सामान १५ डॉलर.

२० एप्रिल

आज झाडांचं काही नाही, नुसतं पाणी.

वरची चार इंच माती बरी आहे. खाली करडी चिकणमाती, फावडं मारलं की कापलेली बाजू साबणाच्या वडीसारखी चकाकते. घर बांधताना वरची चांगली माती खरवडून नेलेली, खालची दाबून बसवलेली. एक फूट खोल खड्डा केला, एकदा पाणी भरून जिरू दिलं, मग पुन्हा भरून पट्टी लावली. तासाला इंचभर उतरलं तर ठीक म्हणतात. आमच्याकडे तासाभरात पट्टीवर फरक दिसेना. सकाळी उठून बघितलं तर तळाशी पाणी होतंच.

आणि वरून छताची पन्हळ याच पट्टीत सुटते. म्हणजे अर्ध्या छताचं पावसाचं पाणी या निचरा नसलेल्या पट्टीत. यू का वाळत होत्या त्याचं उत्तर हेच असणार.

खड्ड्यात भरपूर कंपोस्ट घालायचा पहिला विचार होता. तो सोडला. घट्ट चिकणमातीत मऊ मातीचा एकच खड्डा केला की आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. झाड टबात उभं राहतं. त्याऐवजी दोन कामं करायची:

पन्हळीचं पाणी चार इंची पाइपातून पट्टीखालून २० फूट पुढे लॉनमध्ये न्यायचं, टोकाला पाण्याच्या दाबाने उघडणारं झाकण. पाइप, जोड, झाकण मिळून ७० डॉलर.

आणि सगळीच पट्टी सरासरी सहा इंच उचलायची. २८ गुणिले ७ फूट, सहा इंच जाडीला साधारण पावणेचार घनयार्ड होतात, चार मागवले. मातीचे १५२, आणून टाकायचे ७५, एकूण २२७ डॉलर.

उचलताना भिंतीकडे लक्ष हवं. साइडिंगच्या (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या) खालच्या कडेपासून माती निदान सहा इंच खालीच राहिली पाहिजे, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही घरात. म्हणून भिंतीलगतचा दीड फूट तसाच ठेवला आणि तिथून पुढे उंचवटा घेतला, उतार लॉनकडे. नवी माती ओतण्याआधी खालची चिकणमाती बागकामाच्या काट्याने फोडून दोन्हींची सरमिसळ केली. ओली असताना चिकणमातीत पाय ठेवू नका. आम्ही ठेवला, आणि तेवढा भाग विटेसारखा वाळला.

४ मे

झाडं आणली. जात निवडताना टॅगवरचा फोटो बघायचा नाही, उंची बघायची. खिडकीची चौकट जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे. या रस्त्यावर निदान तीन घरांनी खिडकीखाली 'लाइमलाइट' लावलीय, सहा ते आठ फुटांची. ते आता दरवर्षी कातरत बसतात आणि फुलं नेमकी काचेसमोर येतात.

आमचं वाटप असं. खिडकीखाली पुढच्या रांगेत 'बोबो' चार, तीन फुटांच्या आत राहणारी, बेल्जियममध्ये तयार झालेली. तिच्या मागच्या अंगाला आणि बाजूला 'लिटल लाइम' तीन, तीन ते पाच फूट. दक्षिण कोपऱ्यात, जिथे नुसती भिंत आहे, तिथे एक मूळची 'लाइमलाइट', हॉलंडमधल्या बॉस्कोपची. उत्तर टोकाला 'क्विक फायर', ही सगळ्यांच्या आधी फुलते. दाराजवळ उंच खोडावर कलम केलेलं लाइमलाइटचं एक झाड.

बोबो ३८ ला एक, लिटल लाइम ४२, लाइमलाइट ४८, क्विक फायर ४६, उंच खोडाचं १३९. सगळी मिळून ५११ डॉलर. लहान कुंडीतली घेतली असती तर बरेच पैसे वाचले असते, फक्त दोन वर्षं थांबावं लागलं असतं. थांबायला हरकत नव्हती खरं तर, पण पाडव्यापासून घर उघडंबोडकं दिसत होतं.

अंतर: पूर्ण वाढीची रुंदी घ्या, तिच्या निम्म्यात अर्धा-एक फूट मिळवा, तेवढं भिंतीपासून लांब. लाइमलाइट साडेचार फुटांवर लावायची. आज ती जागा हास्यास्पद मोकळी दिसते. नवरा दोन वेळा म्हणाला, "अगं, मध्ये अजून एक बसेल." नाही बसणार.

११ मे

लागवड. कुंडीतून काढल्यावर बहुतेकांची मुळं गोल फिरलेली निघाली. गड्ड्याच्या चार बाजूंना उभे काप दिले, तळची जाळी कापून टाकली. जीव वर-खाली होतो, पण तसंच लावलं तर मुळं त्या गोलातच फिरत राहतात. एका बोबोचा बुंधा कुंडीतच दोन इंच मातीखाली गाडलेला होता. वरची माती बोटांनी काढत गेले तेव्हा मुळं सुरू होतात ती जागा सापडली. खोली तिथून मोजायची, कुंडीच्या काठापासून नाही. खड्डा गड्ड्याइतकाच खोल, रुंद मात्र दुप्पट-तिप्पट. चिकणमातीत बुंधा इंचभर वरच ठेवला.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. पहिला प्रश्न: "आळं कुठाय?" आपल्याकडे झाड लावलं की हात आपोआप आळं करतो, उन्हाळ्यात पाणी धरून ठेवायला ते लागतंच. इथे मे महिना पावसाचा, खाली चिकणमाती. आळं म्हणजे तळं. उलट बुंध्याकडून बाहेर उतार दिला. आईला पटलं नाही.

वर तीन इंच मल्च (मातीवरचं आच्छादन), बुंध्याभोवती चार बोटं जागा सोडून. दोन घनफुटांच्या २५ पिशव्या, १०० डॉलर. मल्चखाली झिरपणारा होज आणि टायमर, ६५. यंदा खत काहीही नाही.

२७ मे

सिकाडा. झाडांवर बसून किर्रर्र आवाज करणारे किडे; 'ब्रूड १३' म्हणतात तो गट, दर १७ वर्षांनी जमिनीतून वर येतो, याआधी २००७ मध्ये आला होता. आमची वसाहत १९८० च्या दशकातली, झाडं मोठी, त्यामुळे जमिनीला भोकंच भोकं आणि दुपारी फोनवर बोलता येत नाही. ज्यांची घरं वीस वर्षांपूर्वीच्या मक्याच्या शेतावर उभी आहेत त्यांच्याकडे जवळजवळ काही नाही, कारण पिल्लं झाडांच्या मुळांवर वाढतात आणि तिथे झाडंच नव्हती.

माद्या पेन्सिलीच्या जाडीच्या काड्यांना चीर पाडून अंडी घालतात. लहान झुडपांची काळजी केली नाही, काडी गेली तर नवी येईल. उंच खोडाच्या झाडाचा डोलारा मात्र कलमावरचा आहे, तो पाव इंचापेक्षा बारीक भोकाच्या जाळीत गुंडाळून खाली दोरीने आवळला. (नंतरची भर:) जाळी जूनअखेर काढली. एका काडीवर चिरा दिसल्या, बाकी ठीक.

१४ जुलै

दुपारी चारला सगळी झाडं मान टाकून उभी. पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा वाढवलं. आठवड्याभराने बोबोंची खालची पानं पिवळी पडायला लागली आणि उत्तरेकडून दुसरी बोबो सकाळीसुद्धा उठेना.

हायड्रेंजियाचं पान मोठं. कडक उन्हात पानातून जितकं पाणी उडतं तितकं नवीन मुळं ओढू शकत नाहीत, मग माती ओली असली तरी झाड दुपारी माना टाकतं आणि रात्री सावरतं. तेव्हा तपासायचं ते सकाळी. सकाळी टवटवीत असेल तर पाणी नको. शंका असली तर लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा: सहज सहा इंच गेला तर ओल आहे. टायमर रोजचा काढून आठवड्यातून दोनदा केला.

ती एक बोबो उपटली. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येते, कुजका वास. पण बाकीच्या तिघींना तेवढंच पाणी मिळालं होतं. हीच का? खड्ड्यात हात घातला तर तळाशी गार पाणी लागलं. थोडं बाजूला खणल्यावर पन्हळीचा पाइप दिसला. दोन तुकड्यांचा जोड नुसता दाबून बसवलेला, वरच्या मातीच्या भाराने तो अर्धा इंच सरकला होता. प्रत्येक पावसात छताचं पाणी नेमकं तिच्या मुळाशी सुटत होतं. जोड स्क्रूने पक्के केले, प्रत्येक जोडाखाली खडी घातली. स्क्रू घरातलेच, चार मिनिटांचं काम. नवीन बोबो ३८ डॉलर, ती सप्टेंबरमध्ये लावायची.

१६ जुलै

काल रात्रीचं वादळ. शिकागो परिसरात किती तरी टॉर्नेडो झाले, आम्ही मुलांना घेऊन बेसमेंटमध्ये. सकाळी पन्हळ जागेवर, पाइपाच्या तोंडून पाणी लॉनमध्ये. उंच खोडाचं झाड कलतं झालेलं. त्याला लावलेला एक खांब पुरत नाही. दोन बाजूंना दोन खांब आणि मध्ये सैल, रुंद पट्टा. तार वापरू नका, खोडात रुतते.

७ सप्टेंबर

गणपती. पहिल्या वर्षी फुलं बेताचीच, पण उंच झाडावर आठ-दहा तुरे होते. मखराच्या दोन बाजूंना तेच लावले: खालून गुलाबी चढत गेलेले, शेंड्याला अजून पांढरे. आरतीला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, कुठल्या दुकानातून आणले.

हायड्रेंजिया पोटात गेली तर विषारी आहे, माणसांना आणि कुत्र्या-मांजरांनाही. त्यामुळे नैवेद्याच्या ताटाजवळ किंवा पंचामृताजवळ एक पाकळीही नको. दूर्वा-जास्वंदाच्या ताम्हनात ठेवू नका.

सुकवायचे असतील तर तुरा बोटांना कागदासारखा लागायला लागला की कापा. ताजा कापला तर सुकताना मलूल होतो. फुलदाणीत इंचभर पाणी घालून ठेवायचा आणि ते आटू द्यायचं, नवीन घालायचं नाही.

महिना अगदी कोरडा चाललाय. जुलैत पाणी कमी करा म्हटलं, आता उलट. जमीन गोठेपर्यंत पहिल्या वर्षीच्या झाडांना पाणी चालू ठेवायचं.

१६ नोव्हेंबर

सशांसाठी जाळी. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, लहान ससा आत जातो. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकाची, तीन फूट उंच, ५० फुटांचं भेंडोळं ६५ डॉलर. प्रत्येक झाडाभोवती नळकांडं करून खाली मातीत दोन इंच गाडलं. उंची तीन फूट अशासाठी की ससा बर्फाच्या ढिगावर उभा राहूनही खातो.

भेंडोळं क्विक फायरपाशी संपलं. ती सगळ्यांत मोठी, तिला काय होतंय म्हणून तशीच सोडली.

१५ फेब्रुवारी २०२५

क्विक फायरला झालं. खालच्या काड्या तिरक्या, स्वच्छ कापलेल्या, जणू सुरीने. हे सशाचं काम. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, काडीचं टोक फाटकं राहतं. एका जाड फांदीची साल वीतभर सोललेली, पण सगळ्या बाजूंनी नाही, त्यामुळे ती जगेल. जाळीच्या आतल्या झाडांचंही जिथे काडी जाळीला टेकली होती तिथून बाहेर आलेला डोळा खाल्लेला. नळकांडं झाडापेक्षा चार बोटं मोठं हवं.

मिठाचंही लिहून ठेवते. बर्फ वितळवायला पायवाटेवर मीठ टाकतात, ते मीठमिश्रित बर्फ फावड्याने पट्टीत ढकलायचं नाही, वसंतात पानांच्या कडा करपतात. दाराजवळ आता नुसती वाळू टाकतो. इथून पाच मैलांवर लायलला मॉर्टन आर्बोरेटम (वृक्षोद्यान) आहे. १९२२ मध्ये ते उभारणारे जॉय मॉर्टन हे मिठाच्या कंपनीचेही संस्थापक. ऑगस्टअखेर तिथे जाऊन या, कुठलीही झाडं विकत घेण्याआधी. पूर्ण वाढलेली पॅनिकल किती जागा खाते ते टॅगवर कळत नाही, तिथे कळतं.

२९ मार्च

छाटणी. उद्या पाडवा, आणि अण्णा गेल्या आठवड्यात आलेत. अण्णा म्हणजे सासरे, तासगावला द्राक्षबाग. आयुष्यभर एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी केलेला माणूस. मी कात्री घेऊन पाच मिनिटं झाडासमोर उभी होते, तेवढ्यात ते खिशातून स्वतःचा सिकेटर काढून आले. तासगावहून बॅगेत घालून आणलेला.

"कितव्या डोळ्यावर माल येतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. द्राक्षात घडाचा डोळा आधीच काडीत तयार असतो, चुकीच्या डोळ्यावर कापलं की घड गेला. इथे नव्या फुटव्याच्या टोकावर फूल येतं, कुठलाही डोळा चालतो, हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग विचारलं, पेस्ट कधी लावता? तिकडे ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात, कारण पुरेशी थंडी मिळत नाही. म्हटलं, अण्णा, इथे थंडीची कमी नाही.

ते खाली बसले आणि एक काडी नखाने खरवडली. आत हिरवी: जिवंत. दुसरी तपकिरी: मुळापासून काप. "डोळ्याची जोडी बघ. जोडीच्या वर बोटाच्या पेराएवढं सोड, मग मार." पॅनिकलला डोळे समोरासमोर असतात, कधी तीन-तीन. एका कापाखाली दोन फुटवे येणार हे धरूनच कापायचं. आधी मेलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. उरलेल्या एक-तृतीयांशाने कमी.

तीन लिटल लाइमवर आम्ही प्रयोग केला. पहिली अण्णांच्या मनाप्रमाणे, दोन डोळ्यांवर कडक. दुसरी एक-तृतीयांश. तिसरीचे नुसते जुने तुरे काढले. ऑगस्टमध्ये बघू.

क्विक फायरच्या सशाने खाल्लेल्या काड्या हिरव्या भागापर्यंत मागे नेल्या. उंच झाडाच्या खोडावर कलमाखालून आलेले धुमारे हाताने मोडून टाकले. ते ठेवले तर वरचा डोलारा उपाशी राहतो.

२६ एप्रिल

मंद सुटणारं खत, एकदाच, टॅगवर लिहिलंय त्याच्या निम्मं. नत्र जास्त झालं की फांद्या लांब आणि मऊ होतात आणि तुऱ्याच्या वजनाने आडव्या पडतात. दोन झाडांमधल्या मोकळ्या जागांत कॅटमिंट (पुदिन्याच्या कुळातलं बुटकं रोप) लावलं, मैत्रिणीच्या वाफ्यातून फुटवे काढून आणलेलं, फुकट. हायड्रेंजिया उशिरा जागी होते, मेच्या मध्यापर्यंत नुसत्या काड्या. तोपर्यंत बघायला काहीतरी हवं. कॅटमिंटला ससे शिवत नाहीत.

१० ऑगस्ट

लिटल लाइमचा निकाल. कडक छाटलेलीला मोजके पण प्रचंड तुरे, कालच्या पावसात सगळे जमिनीवर. एक-तृतीयांशवाली उभी, तुरे मध्यम. न छाटलेलीला सगळ्यांत जास्त तुरे, मुठीएवढे, आणि मधला भाग गर्दीने अंधारलेला. अण्णांनी तिन्ही बघून पहिलीला काठ्या लावून दिल्या आणि म्हणाले, "वेलीला मांडव असतो ग, हिला कुठंय." पुढच्या मार्चमध्ये तिन्हींना एक-तृतीयांश.

क्विक फायर निराशा. मेपलची पानं आल्यावर तिथे चार तास ऊन उरतं, तेही विरळ. काड्या उजेडाकडे लांबलेल्या, फुलं थोडी. एप्रिलमधलं मोजमाप इथे महागात पडलं. जागा बदलायची, पण आत्ता नाही; पानं गळू लागल्यावर.

२७ ऑगस्ट

यंदा गणपती लवकर. मागच्या वर्षी मखराला गुलाबी तुरे होते, यंदा रात्री अजून उबदार, त्यामुळे लाइमलाइट आणि बोबो सगळ्या पांढऱ्या-हिरव्या. लवकर रंगणारी एकटी क्विक फायर गुलाबी, पण तिच्याकडे द्यायला चारच तुरे. ज्यांना गणपतीत रंग हवाय त्यांनी लवकर रंगणारी जात भरपूर उन्हात लावा. लाइमलाइटच्या भरवशावर राहिलात तर रंग मिळणं तिथीवर अवलंबून.

१८ ऑक्टोबर

क्विक फायर हलवली, दक्षिणेला लाइमलाइटच्या पलीकडे, पट्टी चार फूट वाढवून. आधी ८११ ला फोन, नवीन जागेसाठी पुन्हा. बुंध्यापासून दीड फुटावर गोल खणत गेलो, गड्डा ताडपत्रीवर घेऊन ओढला. मुळं नव्या मातीत छान पसरली होती, चिकणमाती लागली तिथे मात्र ती वळून वरच्या थरात परत आली होती. म्हणजे उचललेली सहा इंच कामाला आली, आणि आठ उचलली असती तर बरं झालं असतं. उत्तर टोकाला आता फर्न आणि होस्टा, दोन्ही सावलीत वाढणारी. होस्टा ससे खातात, ते माहीत आहे.

खर्च आजपर्यंत: झाडं ५११, बदललेली बोबो ३८, माती २२७, मल्च १००, पन्हळीचा पाइप ७०, होज आणि टायमर ६५, वायर १५, जाळीची दोन भेंडोळी १३०. एकूण १,१५६ डॉलर. झाडांचे पैसे निम्म्याहून कमी. पाइपाच्या जोडाला आधीच स्क्रू मारले असते तर ३८ वाचले असते, एवढाच बिनकामाचा खर्च.

१५ नोव्हेंबर

सगळ्यांना जाळी, क्विक फायरलाही, नळकांडी यंदा मोठी. होज सोडवून पाणी काढून गुंडाळला, टायमरचे सेल काढले, बाहेरचा नळ आतून बंद. जुने तुरे झाडावरच ठेवलेत, बर्फात चांगले दिसतात. फक्त उंच झाडावरचे निम्मे कापले, ओल्या बर्फाच्या भाराने कलम फाटू नये म्हणून. दुसऱ्या भेंडोळ्यातली २० फूट जाळी उरली आहे, गॅरेजमध्ये दाराच्या डाव्या बाजूला. ज्यांनी या वर्षी लावल्यात त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या आत येऊन घेऊन जा, तार कापायची कात्री सोबत आणा, आमची मोडली.